सात दिवसांची दिल्ली

दिल्ली पाहावयास जाणारा महाराष्ट्रीय प्रवासी बहुधा ती एका दिवसात उरकतो. सकाळी लाल किल्ला, दुपारी कुतुबमिनार, सायंकाळी हुमायूनाची कबर, अशा धावपळीत तो चार-साडेचार शतके मागेपुढे होतो आणि रात्री मुक्कामी परततो तेव्हा त्याच्या ध्यानी राहतो तो केवळ लाल दगड. हा दोष त्याच्या दृष्टीचा नव्हे, क्रमाचा होय. दिल्ली हे एक नगर नसून अनेक राजधान्यांची मालिका आहे. ज्याच्या पदरी पुरता आठवडा आहे, त्याने ती काळाच्या क्रमाने पाहावी. मेहरौलीपासून चांदणी चौकापर्यंत आज मेट्रो रेल्वे जाते. तेव्हा अंतराची सबब उरलेली नाही. पौषात धुके आणि ज्येष्ठात ऊन बाधते. माघ-फाल्गुनाचे दिवस उत्तम.

पहिला दिवस मेहरौलीस द्यावा. कुतुबुद्दीन ऐबकाने आरंभिलेला व अल्तमशाने वाढविलेला मिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे. परंतु मान वर करण्यापूर्वी शेजारच्या मशिदीचे खांब न्याहाळावेत. २७ देवळांचे सामान येथे वापरले, असे तिच्या दरवाजावरील लेखच सांगतो. त्याच अंगणात गुप्तकालीन लोहस्तंभ दीड हजारांहून अधिक पावसाळे सोसून उभा आहे.

दुसऱ्या दिवशी अल्लाउद्दीन खिलजीच्या सिरीचे पडके तट व हौज खास पाहावे. येथे प्रवाशास आपल्या देशाचे स्मरण होईल. कारण १२९६ साली देवगिरीच्या रामदेवरावाकडून लुटलेली संपत्ती सरदारांत वाटूनच अल्लाउद्दीनाने दिल्लीचे तख्त बळकाविले.

तिसरा दिवस तुघलकाबादचा. हा प्रचंड किल्ला गियासुद्दीनाने १३२१ च्या सुमारास बांधावयास घेतला आणि थोड्याच वर्षांत तो ओस पडला. त्याच्या पुत्राने, महंमद तुघलकाने, १३२७ साली देवगिरीचे दौलताबाद करून राजधानीच तेथे नेली. सावली थोडी असल्याने येथे सकाळीच जावे.

चौथ्या दिवशी फिरोजशहा कोटला. फिरोजशहाने अशोकाचा स्तंभ टोपरा गावाहून यमुनेतून नावांवर आणविला. पण त्यावरील लेख कोणासही वाचता येईना. तो अखेर १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने उलगडला.

पाचव्या दिवशी पुराना किल्ला पाहावा. तेथील जिन्यावरून पडून १५५६ साली हुमायून मृत्यू पावला. तेथून त्याच्या कबरीकडे जावे. याच कबरीत आश्रयास आलेला शेवटचा बादशहा बहादुरशहा १८५७ साली इंग्रजांच्या हाती सापडला. मोगल वंशाचा आरंभकाळ व अंत एकाच दुपारी डोळ्यांपुढे उभा राहतो.

सहावा दिवस शहाजहानाबादचा. १६४८ साली पूर्ण झालेल्या लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासमध्ये महाराष्ट्रीय प्रवाशाने घटकाभर थांबावे व वरचे छत पाहावे. १७६० साली सदाशिवराव भाऊंनी फौजेच्या खर्चासाठी येथील रुप्याचे छत उतरवून त्याची नाणी पाडली. पुढे १७८८ साली गुलाम कादिराने आंधळ्या केलेल्या शहा आलमास पुन्हा तख्तावर बसविले तेही महादजी शिंद्यांच्याच फौजेने. आणि १८०३ साली दिल्लीच्या लढाईत लेकने शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केल्यावर हे पालकत्व इंग्रजांकडे गेले. महादजींची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. छताची गोष्ट सांगताना मात्र आवाज खाली येतो. वस्तुतः दोन्ही आपल्याच आहेत. पानिपताच्या वाटेवर पराक्रमी सेनेलाही पैशाची चणचण कशी ग्रासते, हे त्या छताइतके स्पष्ट कोणतीही बखर सांगणार नाही.

सातवा दिवस नव्या दिल्लीचा. १९११ च्या दरबारात घोषित झालेल्या या राजधानीचे उद्घाटन १९३१ साली झाले, आणि अवघ्या सोळा वर्षांत बांधणाऱ्यांनी ती सोडली. पहिल्या सहा दिवसांनंतर प्रवाशास याचे नवल वाटणार नाही. येथे प्रत्येकाने कायमचे राहण्यासाठी बांधले, आणि प्रत्येकास जावे लागले. एका दिवसात दिल्ली पाहणाऱ्यास इमारती दिसतात. सात दिवस क्रमाने पाहणाऱ्यास देवगिरीच्या लुटीपासून रुप्याच्या छतापर्यंतचा जमाखर्च दिसतो, आणि त्या वहीत दोन्ही बाजूंस आपले नाव आढळते.