एकाच दिवशी दोन दसरा मेळावे, पण शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवतं कोण? साऊंड टेक्निशियनचं काम समजून घ्या

१२ ऑक्टोबर २०२४. दसरा. बीड जिल्ह्यात त्या दिवशी दोन मोठे मेळावे झाले. सावरगाव घाटला पंकजा मुंडे यांचा आणि नारायणगडावर मनोज जरांगे यांचा. कोण काय बोललं, गर्दी कुठे जास्त होती, यावर सोशल मीडियावर चर्चा रंगली.

पण एका गोष्टीवर कोणीच बोललं नाही. मैदानाच्या पार टोकाला उभ्या असलेल्या माणसाला भाषणातला शब्द न् शब्द ऐकू येतो, तो कसा?

त्यामागे असतो साऊंड टेक्निशियन. गावात त्याला माईकवाला म्हणतात, साऊंडवाला म्हणतात, नाहीतर सरसकट डीजेवाला म्हणून मोकळे होतात. काम नीट झालं तर त्याची आठवण कोणालाच येत नाही. माईकने शिट्टी मारली की मात्र हजारो माना एकदम त्याच्याकडे वळतात.

हा माणूस नेमकं करतो काय?

सोपं करून सांगायचं तर आवाजाचा प्रवास असा असतो. माईक आवाजाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करतो. मिक्सरवर प्रत्येक माईकचा आवाज कमी-जास्त करता येतो, त्यातला जाड-बारीकपणा बदलता येतो. ॲम्प्लिफायर, म्हणजे आपल्याकडचं 'मशीन', तो सिग्नल ताकदवान करतं. आणि स्पीकर किंवा भोंगा त्याचा पुन्हा आवाज करतो.

या साखळीत एक जरी कडी कच्ची असली तरी सगळा खेळ बिघडतो. त्यामुळे कार्यक्रम संध्याकाळी असला तरी टेक्निशियन सकाळपासून वायरी ओढत असतो.

माईक शिट्टी का मारतो?

स्पीकरमधून आलेला आवाज परत माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन स्पीकरमधून येतो, पुन्हा माईकमध्ये जातो. हे चक्र सेकंदात अनेकदा फिरलं की कान फाडणारी शिट्टी वाजते. याला फीडबॅक म्हणतात.

उपाय साधा आहे. स्पीकर माईकच्या पुढे ठेवायचे, बोलणाऱ्याने माईक तोंडाजवळ धरायचा आणि जी फ्रिक्वेन्सी शिट्टी मारते तेवढीच मिक्सरवर कापायची. पण वक्ता माईक घेऊन थेट स्पीकरसमोर जाऊन उभा राहिला की मागे बसलेल्या टेक्निशियनच्या पोटात गोळा येतो.

मोठ्या मैदानात एकच जोरदार स्पीकर का चालत नाही?

मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून निघालेला आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने कमी होतो. म्हणजे स्पीकरपासून १ मीटरवर १०० डेसिबल असेल तर १० मीटरवर ८० आणि १०० मीटरवर ६० उरतो. ६० डेसिबल म्हणजे आपलं नेहमीचं बोलणं. गर्दीत ते विरून जातं.

मग आवाज अजून वाढवायचा? पुढे बसलेल्यांचे कान जातील, आणि मागच्यांना तरीही नीट कळणार नाही. म्हणून जाणकार टेक्निशियन मैदानात ठराविक अंतरावर स्पीकर वाटून लावतो.

इथे दुसरी गंमत सुरू होते. आवाज हवेतून २० अंश तापमानाला सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. वायरीतून जाणारा सिग्नल मात्र जवळजवळ त्याच क्षणी पोहोचतो. त्यामुळे १०० मीटरवरच्या स्पीकरमधून शब्द आधी ऐकू येतो आणि मंचाजवळच्या स्पीकरमधून तोच शब्द सुमारे ०.२९ सेकंदाने मागून येतो. एकच शब्द दोनदा ऐकू आल्याने भाषणाचा कालवा होतो.

यावर उपाय म्हणजे डिले. लांबच्या स्पीकरला मुद्दाम तेवढाच उशीर द्यायचा, म्हणजे दोन्ही आवाज एकत्र पोहोचतात. आणि हो, बीडच्या मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की आवाजाचा वेगही साधारण ३५५ मीटरपर्यंत वाढतो. ऊन बघून डिलेचं गणित थोडं बदलावं लागतं!

खरी परीक्षा कीर्तनात

लोकांना वाटतं डीजेचं काम अवघड. पण बीडमध्ये हरिनाम सप्ताहांची मोठी परंपरा आहे आणि कीर्तनाचा साऊंड सांभाळणं त्याहून नाजूक काम आहे.

कीर्तनकाराच्या मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला मृदंग आणि पेटी. निरूपणात कीर्तनकार हळू आवाजात बोलतो आणि पुढच्याच मिनिटाला गजर सुरू होतो. टाळांचा टणत्कार कीर्तनकाराच्या माईकमध्येही शिरतो. निरूपणासाठी उघडलेला माईक गजराच्या वेळी खाली घेतला नाही तर कान बधिर होतात. गजरानंतर तो पुन्हा वर घेतला नाही तर पुढचं वाक्य हरवतं. त्यामुळे टेक्निशियनचा हात मिक्सरवरून हलत नाही. पुढे काय येणार याचा अंदाज यायला त्याला कीर्तनही कळावं लागतं.

'डॉल्बी'ची गंमत माहीत आहे का?

महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. पण हे नाव ज्यांच्यावरून आलं त्या रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली तेव्हा त्यांचं पहिलं गाजलेलं तंत्र होतं टेपवरची खरखर कमी करण्याचं! म्हणजे ज्या नावाचा जन्म नको असलेला आवाज घटवण्यातून झाला, तेच नाव आपल्याकडे दणदणाटाला चिकटलं.

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० अशी मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येऊ शकतो.

सार्वजनिक ठिकाणी लाऊडस्पीकर लावायचा तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्या आत हवा. म्हणजे निवासी भागात दिवसा ६५ डेसिबल. लेखी परवानगी लागते ती वेगळीच.

रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. पण ही सूट वेळेची आहे, डेसिबलची नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते.

पूर्वी पर्यावरण संरक्षण कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंडाची तरतूद होती. १ एप्रिल २०२४ पासून कैदेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपये दंड आला.

२०१८ च्या गणेशोत्सवात हा वाद थेट मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. साऊंड व्यावसायिकांच्या 'पाला' या संघटनेने डीजेवरच्या बंदीला आव्हान दिलं, पण न्यायालयाने तेव्हा दिलासा दिला नाही. प्रत्यक्षात होतं असं की "वाढव रे अजून" म्हणणारा नाचून घरी जातो आणि कर्ज काढून घेतलेली सिस्टीम पोलीस ठाण्यात जमा होते टेक्निशियनची.

या कामातले दोन धोके

पहिला धोका कानाचा. अमेरिकेतल्या 'निऑश' या कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये ८ तास काम करता येतं. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. आता मिरवणुकीत पाच-सहा तास स्पीकरजवळ उभ्या असलेल्या पोराचा विचार करा. कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. आधी बारीक आवाज ऐकू येणं कमी होतं, मग तोच पोरगा मिक्सरवर बारीक आवाज अजून वाढवतो. त्याची चूक त्यालाच ऐकू येत नाही. थोड्या पैशांत मिळणारे इअरप्लग वापरणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

दुसरा धोका विजेचा. आकड्यावर घेतलेली लाईट, अर्थिंगचा पत्ता नाही, खाली ओल आणि हातात लोखंडी माईक. अशा ठिकाणी ३० मिलिअँपिअरला ट्रिप होणारा आरसीसीबी जीव वाचवू शकतो. गाडीवर उंच रचलेले स्पीकर वरच्या तारांना लागण्याची भीती असते, ती वेगळीच.

हे काम शिकायचं कुठे?

बहुतेक पोरं एखाद्या मंडपवाल्याच्या हाताखाली वायरी गुंडाळत शिकतात. त्याला जोड म्हणून आयटीआयमधला इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड कामाला येतो. पदवीनंतर सिनेमाच्या साऊंडकडे जायचं असेल तर पुण्याची एफटीआयआय आहे. ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी तिथेच शिकले. 'मी वसंतराव'च्या साऊंड डिझाईनसाठी अनमोल भावे यांना ६८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत गौरवण्यात आलं होतं.

गावाकडे मात्र काम हंगामी असतं. लग्नसराई, सप्ताह, गणपती, नवरात्र, निवडणुका. मधले महिने रिकामे जातात आणि हप्ते चालू राहतात. म्हणून नुसती डीजे सिस्टीम घेऊन बसण्यापेक्षा सभा, कीर्तन आणि नाटक असं सगळं सांभाळता येणाऱ्याकडे बंदीच्या काळातही काम राहतं.

पुढच्या सभेत किंवा सप्ताहात शेवटच्या रांगेत बसून स्पष्ट ऐकू आलं, तर मिक्सरमागच्या त्या माणसाला जाता जाता "साऊंड झकास होता" एवढं नक्की सांगा. आणि मिरवणुकीत त्याला "वाढव रे" म्हणण्याआधी हद्दीवरचे ६५ डेसिबल आठवा.