ज्ञानभांडारापासून जिनरत्नकोशापर्यंत

कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे ज्ञानपंचमीस, पोथ्यांचे पूजन होते. त्या निमित्ताने पोथ्या बाहेर काढून, झाडून-पुसून पुन्हा बांधण्याची प्रथा जैन समाजात जुनी आहे. पाटण, खंभात, जैसलमेर येथील भांडारांत आणि आपल्या महाराष्ट्रात विदर्भातील कारंजा येथील मंदिरांत हस्तलिखिते शतकानुशतके टिकून राहिली, ती अशा दक्षतेमुळेच. पोथी लाकडी पट्ट्यांत धरून वस्त्रात बांधावयाची, कीड लागू नये म्हणून वेखंड ठेवावयाचे आणि डब्याला व पोथीला क्रमांक द्यावयाचा, अशी ही व्यवस्था. ग्रंथाच्या अखेरीस लेखनिक ‘ग्रंथाग्र’ नोंदवीत असे. ३२ अक्षरांचा एक श्लोक, या मापाने संपूर्ण ग्रंथाची ती मोजदाद होय. नक्कल पुरती उतरली की मधली पाने गळाली, हे त्यावरून पुढच्या वाचकास ताडून पाहता येई.

तथापि रक्षण वेगळे आणि उपलब्धता वेगळी. यादी असली तरी ती भांडाराच्या कुलुपातच राही. परचक्राच्या काळात ही सावधगिरी योग्यच होती. पण पुढे तिच्यामुळे आपल्याच भांडारात काय आहे, हे आपल्याच समाजास ठाऊक नसे.

मुंबई सरकारने १८६६ पासून हस्तलिखितांचा शोध हाती घेतला. ब्यूलर व याकोबी १८७४ मध्ये जैसलमेरला गेले, एल्फिन्स्टन कॉलेजचे पीटरसन यांनी खंभातच्या शांतिनाथ भांडारातील ताडपत्रे पाहिली, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे अहवाल प्रसिद्ध झाले. सरकारी संग्रह १९१८ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेकडे आला. त्यातील जैन ग्रंथांची वर्णनात्मक सूची करण्याचे काम प्रा. हिरालाल रसिकदास कापडिया यांनी केले. ते गणिताचे एम. ए.; त्या सूचीचा पहिला भाग १९३५ मध्ये निघाला.

सूचीने काय साधते, ते कारंजास दिसले. रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिथल्या अपभ्रंश ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात दहाव्या शतकात होऊन गेलेला महाकवी पुष्पदंत त्या पोथ्यांत होता. त्याचे ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्यांनी, तर ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये प्रा. हिरालाल जैन यांनी संपादिले. ग्रंथ डब्यात होताच. तो आहे हे कागदावर यावे लागले.

मात्र याद्या वाढल्या तसा नवा घोटाळा झाला. ‘शांतिनाथचरित्र’ एवढीच नोंद असेल तर ते अजितप्रभसूरींचे, माणिक्यचंद्रांचे की मुनिभद्रांचे? एकाच नावाचे अनेक ग्रंथ आणि एकाच ग्रंथाची अनेक नावे! हा गुंता मुंबईच्या विल्सन कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक हरि दामोदर वेलणकर यांनी सोडविला. छापील सूची व भांडारांच्या याद्या एकत्र करून त्यांनी ग्रंथनामे अकारविल्हे लावली. प्रत्येक नावाखाली कर्ता, टीका आणि ती प्रत कोणत्या सूचीत कोठे आढळते, हे संक्षेपचिन्हांनी दिले. हा ‘जिनरत्नकोश’ भांडारकर संस्थेने १९४४ मध्ये प्रकाशित केला. वेलणकर स्वतः जैन नव्हते, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे. असे काम नीरस असते, त्याचा गौरवही थोडाच होतो. पण जैन वाङ्मयाचा अभ्यासक आजही प्रथम हाच कोश उघडतो.

त्याच्या आदल्याच वर्षी मुनी जिनविजयजींचा ‘जैन पुस्तक प्रशस्ति संग्रह’ सिंघी जैन ग्रंथमालेत भारतीय विद्या भवनातर्फे निघाला. त्या भवनाचे अंधेरीचे संकुल उपनगरवासीयांच्या परिचयाचे आहे. हस्तलिखितांच्या अखेरच्या पानांवरील मजकूर त्यात एकत्र केला आहे: ग्रंथ कोणी लिहविला, कोणत्या गावी, कोणाच्या श्रेयार्थ. श्रेष्ठींच्या बरोबरीने माता, भगिनी, श्राविका यांची नावे त्यात येतात. घाटकोपर-मुलुंड-बोरिवलीच्या ज्या कुटुंबांचे मूळ गुजरातेत आहे, त्यांना आपल्या गावाचे नाव त्या पानांवर सापडू शकेल.