पापुद्रा वाकवून पाहा

भोसरीपासून अंबडपर्यंत पावडर कोटिंगच्या शेडमध्ये एक मत पक्कं रुजलेलं आहे: रंग सुटला म्हणजे माल भट्टीत कच्चा राहिला, वीस अंश वाढवा. गिऱ्हाईक त्याला पुस्ती जोडतं, थर जरा जाड द्या.

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. पॉलिएस्टर पावडर आधी वितळते आणि मग तिच्या रेणूंची एकमेकांत जाळी विणली जाते. ती अर्धवट राहिली तरी रंग वरून चकचकीत दिसू शकतो. एमईके या द्रावकात भिजवलेला बोळा घासला की मात्र मऊ पडतो, पत्रा वाकवला की तडकतो. कच्चा माल बाजारात जातो, हे मान्यच.

पण त्यावर आकडा वाढवणं हा उपाय नव्हे. पावडरच्या माहितीपत्रकात बहुधा २०० अंश सेल्सिअस, १० मिनिटं असं लिहिलेलं असतं. ही अट धातूच्या तापमानाची आहे. ओव्हनच्या पॅनेलवर दिसतं ते हवेचं. शिटी वाजली म्हणजे डाळ शिजली असं होत नाही. दहा मिनिटं मोजायची ती धातू २०० ला पोचल्यानंतर. २ मिमीचा पत्रा आणि १२ मिमीची प्लेट एकाच ट्रॉलीला टांगली, तर प्लेटला तापायला साधारण सहापट वेळ लागतो, कारण उष्णता घेणारा पृष्ठभाग तेवढाच आणि वजन सहापट. अशा वेळी वीस अंश वाढवले की पत्र्यावरचा पांढरा रंग पिवळट होतो आणि प्लेट कच्ची ती कच्चीच राहू शकते. जाड-पातळ माल वेगळा टांगावा आणि जॉबलाच थर्मोकपल लावून ओव्हनचा आलेख काढावा. एवढ्याने भट्टीचा बहुतेक वाद मिटतो.

खरा मतभेद पुढे आहे. सुटलेल्या रंगाचा पापुद्रा बोटांत धरून वाकवा. तो चिवट असेल, न मोडता वाकत असेल, एमईकेनेही मऊ पडत नसेल, तर भाजणी बरोबर झाली होती याचा तोच पुरावा. रंग स्वतःशी घट्ट जोडला गेला, धातूशी मात्र नाही. त्याची खालची बाजू पाहा. तिथे काळी खपली असेल तर ती हॉट रोल्ड मालावरची मिल स्केल. ऑक्सिजनवर लेसर कटिंग केलेल्या कडेवरही ऑक्साइडचा असाच थर बसतो. रंग त्या थराला धरून असतो, आणि थरच लोखंड सोडतो. भट्टी कितीही तापवली तरी हे जोडलं जाणार नाही. तिथे ब्लास्टिंग किंवा ॲसिडची टाकीच हवी.

‘थिनरचा बोळा फिरवला की पुरे’ हा शेडमधला समजही असाच चुकीचा. एकच फडका फिरत राहिला तर तेल निघत नाही, फक्त पसरतं.

सगळ्यात दुर्लक्षित राहतं ते शेवटचं धुणं. डिग्रीसिंग, डीरस्टिंग, फॉस्फेटिंग सगळं नीट करून शेवटी बोअरच्या जड पाण्यात माल बुचकळला, की वाळताना क्षार पृष्ठभागावरच राहतात. रंगाच्या थरातून पाण्याची वाफ हळूहळू आत शिरतेच. क्षार ती ओढून घेतात आणि फोड येतात. कोकणातल्या दमट हवेत तर लवकरच. ॲल्युमिनियमसाठी क्वालिकोट या गुणवत्ता-मानकाचे नियम शेवटच्या धुण्यानंतर मालावरून ठिबकणाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता ३० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आत ठेवायला सांगतात. आपल्याकडच्या बोअरचं पाणी सहसा त्याच्या कितीतरी पट वर असतं.

जाड थराचं थोडक्यात: ६० ते ८० मायक्रॉन सर्वसाधारण कामाला पुरतात. फार पुढे गेलं की विद्युतभार साठून पावडर परत फेकली जाते आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. वाईट पायावर जाड थर दिला तर पापुद्रे मोठे निघतात, एवढाच फरक.

टाक्यांना जागा लागते, रसायनं लागतात, सांडपाण्यावर प्रक्रिया करावी लागते. छोट्या शेडला हे परवडत नाही ही अडचण खरी आहे. पण परवडत नाही असं म्हणावं, दोष भट्टीवर ढकलू नये. आणि काम देणाऱ्याने ओव्हनचं तापमान विचारण्याआधी शेवटच्या टाकीत कोणतं पाणी आहे आणि ते केव्हा बदललं, हे विचारावं.