डागी कापड

आमचं गाव इचलकरंजीपासून सायकलच्या टप्प्यावर. तिथं 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढं गल्लोगल्ली खडखडाट सुरू झाला. आमच्या गावची माणसंही मागावर पाळीला जायची.

शाळेत हातकाम आलं ते नंतर. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. मुलांनी केलेल्या वस्तूंतून शाळेचा खर्च निघावा, असा त्यात हिशेब होता. आमच्या वडिलांनी शाळेत टकळी फिरवली होती. मग कोठारी आयोगानं 1966 च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली आणि आमच्या वेळापत्रकात तो तास आला. मुलांना बाग, मुलींना शिवण. तास आला, पण कापड काही आलं नाही.

1972 चा दुष्काळ नुकताच सरला होता. घरात अंगाला कापड नाही, तर शाळेत कापायला कुठलं? बाई मधल्या सुट्टीत जुन्या वर्तमानपत्रावर कातरी चालवायला शिकवायच्या. शेवटी त्याच एका मागवाल्याकडं गेल्या. त्यानं सायकलवर गठ्ठा पाठवला. तेलाचे डाग पडलेला, धागा तुटलेला माल आणि ताग्याच्या शेवटाचे तुकडे. असल्या चिंध्या यंत्रं पुसायला किलोवर विकल्या जातात, म्हणजे त्याचंही चार पैशांचं नुकसान होतंच.

कोरं कापड खळीनं पापडासारखं कडक. सुई शिरेना. पहिला धडा शिवणाचा नव्हताच, धुण्याचा होता. बाई म्हणाल्या, "आधी भिजवा, वाळवा, मग माप घ्या. न्हाईतर अंगात घातल्यावर आटतंय." मग धावदोरा, टीप, तुरपाई आणि सगळ्यांत अवघड काज. डाग दिसू नये म्हणून त्यावर साखळी टाक्याचं फूल काढायचं.

त्याच महिन्यात माझा धाकटा भाऊ जन्मला. आईनं त्याला बाबांच्या फाटक्या धोतरात गुंडाळलं होतं. मी एक तुकडा दप्तरात घातला. दुसऱ्या दिवशी बाईंनी तुकडे मोजले. वर्गात एक शब्द बोलल्या नाहीत. शाळा सुटल्यावर मला थांबवलं.

"कशाला नेलंस गं?"

"झबल्याला, बाई."

"येतंय का शिवायला?"

मी मान हलवली. येत नव्हतं.

"मग उद्या आण. हितंच शिव. चोरीचं कापड न्हाई ते, तुमचंच हाय. पण मागून घ्यायचं."

तीन दिवसांनी झबलं झालं. एक बाही लांब, एक आखूड. आईनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि बाबांना म्हणाली, "पोरीला एवढ्यात शाळेतनं काढू नगा." माझं सातवीनंतर थांबायचं ठरलेलं होतं. पुढं शेजारपाजारची झबली, परकर शिवून मी दहावीपर्यंतची फी आणि वह्या माझ्या मीच भागवल्या. वर्ध्याचा तो हिशेब शाळेपुरता कधी जमला का, ते शहाण्यांनी सांगावं. माझ्यापुरता तो जमला.

उरलेल्या तुकड्यांची आईनं वाकळ शिवली. ती अजून घरात आहे. खळ केव्हाच गेली, तेलाचा डाग मात्र तसाच आहे.