तबकडी गेली, तिची सावली राहिली

पहाडगंज हा नवी दिल्ली रेल्वेस्थानकाच्या पश्चिमेचा गजबजलेला भाग. दिल्लीतील मराठी कुटुंबांना तो नूतन मराठी शाळेमुळेही परिचित. अशा वस्तीतील एखाद्या विद्यार्थ्याच्या दहा-बारा वर्षे जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क निकामी होते. तिच्या जागी नवी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, बसवली जाते; तरीही यंत्र सुरू होत नाही. दोष साहजिकच नव्या ड्राइव्हला दिला जातो. पण पुष्कळदा ड्राइव्ह निर्दोष असते. तंत्रज्ञानाच्या दोन पिढ्या एकमेकींची भाषा समजू शकत नाहीत, एवढेच घडलेले असते.

या कथेचा आरंभ १९५६ मध्ये होतो. आयबीएमच्या 'रॅमॅक' यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या फिरत आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढे तबकडी लहान झाली, तरी ती फिरतच राहिली. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीस सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचनशीर्षाखाली येईपर्यंत संगणकाला थांबणे भाग असते.

ही प्रतीक्षा संपवणारी कल्पना निराळ्या वाटेने आली. १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील डॉन कांग आणि सायमन झी यांनी चहूबाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेल्या 'तरंगत्या द्वारात' विद्युतभार साठवून दाखवला. वीज गेली तरी तो भार टिकतो. याच तत्त्वावर तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती जगासमोर मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार आला. आजच्या एसएसडीचा पाया तोच.

या इतिहासात दिल्लीचाही एक धागा आहे. संजय मेहरोत्रा यांचे शालेय शिक्षण दिल्लीत झाले. अमेरिकेचा व्हिसा त्यांना तीनदा नाकारला गेला. वडिलांनी अधिकाऱ्यांपुढे चिकाटीने बाजू मांडली, तेव्हा तो मिळाला आणि ते बर्कलीला पोहोचले. १९८८ मध्ये एली हरारी आणि जॅक युआन यांच्यासह त्यांनी सनडिस्क (पुढे सॅनडिस्क) ही कंपनी स्थापली. १९९१ मध्ये या कंपनीने आयबीएमसाठी २० मेगाबाइटची एसएसडी तयार केली. किंमत सुमारे १००० डॉलर.

नवी ड्राइव्ह जगात रुजावी म्हणून तिला जुन्या डिस्कचा वेश घ्यावा लागला. तोच आकार, तीच जोडणी, ५१२ बाइटचे तेच सेक्टर. दुरुस्ती करणाऱ्याची खरी परीक्षा येथेच असते.

पहिला प्रश्न जोडणीचा. सुमारे २००३ पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये समांतर 'पाटा' जोडणी असे. तेथे साटा ड्राइव्ह बसतच नाही. एम.२ ही चपटी पट्टी आणखी फसवी. ती साटा असू शकते किंवा एनव्हीएमई. दिसायला दोन्ही सारख्याच. एनव्हीएमईचे पहिले मानक २०११ चे. त्याआधीच्या बायोसला ही भाषा अवगत नसते; म्हणून ड्राइव्ह जोडता आली, तरी तिच्यावरून यंत्र सुरू होत नाही.

दुसरा प्रश्न जाडीचा. जुन्या कप्प्यात साडेनऊ मिलिमीटरची डिस्क असे, एसएसडी सात मिलिमीटरची. मधली पोकळी भरली नाही, तर जोडणी सैल राहते आणि ड्राइव्ह कधी दिसते, कधी नाहीशी होते.

तिसरा प्रश्न सर्वांत मनोरंजक. जुन्या पद्धतीत प्रत्येक ट्रॅकवर ६३ सेक्टर मानले जात. विंडोज एक्सपीपर्यंत पहिले विभाजन ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून, म्हणजे ३२,२५६ व्या बाइटपासून सुरू होई. या संख्येला ४०९६ ने पूर्ण भाग जात नाही. फ्लॅशची पाने मात्र ४०९६ च्या पटीत असतात. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या ड्राइव्हवर उतरवली, की एकाच लेखनासाठी दोन पानांना हात लावावा लागतो. वेग घटतो, झीज वाढते. न फिरणाऱ्या वस्तूत फिरत्या तबकडीची सावली उरते ती अशी. नक्कल न करता प्रणाली नव्याने बसवली, तर ती सावली पुसली जाते.

वेगमर्यादेने मात्र निराश होऊ नये. पहिल्या पिढीची साटा सेकंदाला १५० मेगाबाइटपर्यंत, दुसरी ३०० पर्यंतच पोहोचते. तरीही जुने यंत्र चपळ वाटते, कारण तबकडीची वाट पाहणे संपलेले असते.

२०२३ मध्ये मायक्रॉनने गुजरातमधील साणंद येथे स्मृती-चिपांच्या जुळणी व चाचणीचा प्रकल्प जाहीर केला. कंपनीचे प्रमुख तेच संजय मेहरोत्रा. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. या दोन घटनांच्या मध्ये दुरुस्तीचे छोटे टेबल उभे आहे. नवी चिप घडवणे हे विज्ञान आहे. जुने यंत्र का अडले, हे ओळखून ते भंगारात जाण्यापासून वाचवणे हेही विज्ञानच आहे.

#विज्ञान #तंत्रज्ञानाचा_इतिहास