राजवट गेली, राजधानी उरली: पूर्व बर्लिनच्या वास्तूंचे काय झाले?

१/ हुकूमशाही कोसळते तेव्हा सत्ताधीश परागंदा होतात, तुरुंगात जातात किंवा विस्मृतीत जमा होतात. त्यांनी उभारलेल्या इमारती मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही जागच्या जागी असतात. त्या राखायच्या की पाडायच्या? १९९० नंतर बर्लिनने या प्रश्नाची अनेक उत्तरे दिली, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. 🧵

२/ कथा थोडी मागून सुरू होते. शहराच्या मध्यभागी, श्प्रे नदीतील बेटावर होहेन्झोलर्न घराण्याचा राजवाडा होता. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तो जळाला, तरी त्याच्या भिंती बऱ्याच अंशी उभ्या होत्या. १९५० मध्ये वाल्टर उल्ब्रिख्ट यांच्या साम्यवादी राजवटीने तो सुरुंग लावून पाडला.

३/ त्यातला एक भाग मात्र जपला गेला. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी कार्ल लीब्कनेख्ट यांनी ज्या सज्जातून समाजवादी प्रजासत्ताकाची घोषणा केली, ते प्रवेशद्वार! १९६४ मध्ये पूर्ण झालेल्या राज्यपरिषदेच्या इमारतीत त्याचे अवशेष बसवण्यात आले. पाडणारेही जतन करतात. फक्त आपल्याला सोयीचा तेवढाच इतिहास.

४/ राजवाड्याच्या रिकाम्या जागेवर २३ एप्रिल १९७६ रोजी 'प्रजासत्ताक प्रासादा'चे उद्घाटन झाले. मुख्य वास्तुकार हाइन्त्स ग्राफुंडर. तांबूस आरशासारख्या काचा, आत संसद, सुमारे ५,००० आसनांचे सभागृह, उपाहारगृहे आणि बोलिंगचा खेळसुद्धा. दिव्यांच्या झगमगाटामुळे, होनेकर यांच्या नावावरून, लोक त्याला चेष्टेने 'एरिखचे दिव्यांचे दुकान' म्हणत.

५/ इथेच गुंतागुंत आहे. आतली संसद वर्षानुवर्षे पक्षाच्या निर्णयांवर शिक्का उमटवण्यापुरतीच होती. पण त्याच छताखाली सामान्य माणसे नाचली, जेवली, मैफली ऐकून घरी गेली. आणि २३ ऑगस्ट १९९० च्या पहाटे, मुक्त निवडणुकीतून आलेल्या संसदेने २९४ विरुद्ध ६२ मतांनी पश्चिम जर्मनीत सामील होण्याचा ठराव केला, तोही इथेच.

६/ पुढच्याच महिन्यात इमारत बंद झाली. कारण: अॅस्बेस्टॉस. ते आरोग्याला घातक आहे, यात वाद नव्हता. २००३ पर्यंत ते काढून झाले आणि केवळ सांगाडा उरला. पूर्वेकडील अनेकांचा सवाल असा की, पश्चिम बर्लिनमधील १९७९ च्या 'आयसीसी' या परिषद केंद्रातही अॅस्बेस्टॉस होते. मग ते का टिकले? २०१९ मध्ये तर त्याला संरक्षित वास्तूचा दर्जाही मिळाला.

७/ दरम्यान १९९३ मध्ये जुन्या राजवाड्याच्या समर्थकांनी त्याचा दर्शनी भाग कापडावर रंगवून त्याच जागी पूर्ण आकारात उभा केला. हरवलेली वास्तू लोकांना 'दिसली', आणि वाद फिरला. २००२ मध्ये जर्मन संसदेने राजवाड्याचे बाह्यरूप पुन्हा उभारण्याच्या बाजूने कौल दिला. २००६ ते २००८ या काळात प्रासाद पाडण्यात आला.

८/ त्या जागी इटालियन वास्तुकार फ्रांको स्टेला यांचे 'हुम्बोल्ट फोरम' उभे राहिले. तीन बाहेरील बाजू बरोक शैलीतल्या, नदीकडची चौथी आधुनिक. खर्च ६० कोटी युरोंहून अधिक. २०२० च्या डिसेंबरमध्ये, महासाथीमुळे, त्याचे उद्घाटन ऑनलाइन झाले.

९/ परिणाम गमतीशीर आहे. लीब्कनेख्ट यांचे प्रवेशद्वार आज बर्लिनमध्ये दोनदा दिसते. मूळ अवशेष असलेले द्वार साम्यवाद्यांच्या इमारतीत, तर नवी प्रतिकृती राजवाड्याच्या भिंतीत. आणि राज्यपरिषदेच्या त्या जुन्या इमारतीत आज काय चालते? व्यवस्थापनाचे महाविद्यालय!

१०/ आता एक उलट उदाहरण. विल्हेल्मश्ट्रासवर नाझी हवाई मंत्रालयाची अजस्र इमारत आहे (१९३५-३६, वास्तुकार एर्न्स्ट झागेबील). ७ ऑक्टोबर १९४९ रोजी पूर्व जर्मनीची स्थापना तिथेच झाली. १७ जून १९५३ रोजी संतप्त कामगारांचा मोर्चा तिच्यावरच धडकला. आज तिथे संघराज्याचे अर्थमंत्रालय आहे. ग्योरिंगची इमारत टिकली. बोलिंगची पाडली गेली.

११/ त्या कामगारांपैकी अनेक जण 'स्टालिनआले' हा भव्य रस्ता बांधत होते. १९६१ पासून त्याचे नाव कार्ल-मार्क्स-आले. त्याच्या दुतर्फा असलेल्या इमारती आज संरक्षित आहेत. राजवटीचे हे सर्वांत ठळक प्रदर्शन का वाचले? एक कारण साधे आहे: तिथे माणसे राहत होती. राहते घर हे प्रतीक होण्याआधी घर असते.

१२/ पुतळ्यांच्या नशिबी मात्र घरपण नसते. १९९१-९२ मध्ये लेनिनचा १९ मीटर उंचीचा ग्रॅनाइट पुतळा तुकडे करून शहराच्या कडेच्या जंगलात पुरण्यात आला. २०१५ मध्ये त्याचे डोके उकरून काढले गेले. आता ते श्पांडाऊच्या किल्ल्यातील संग्रहालयात आडवे ठेवलेले आहे. ना पूजा, ना विध्वंस, केवळ पुरावा.

१३/ पुराव्याचे मोल सर्वांत आधी ओळखले ते नागरिकांनी. १५ जानेवारी १९९० रोजी ते श्टासी या गुप्त पोलीस यंत्रणेच्या मुख्यालयात शिरले. आज तिथे संग्रहालय आहे आणि प्रमुख एरिख मील्के यांची कचेरी पाहता येते. नेहमीचे टेबल, नेहमीच्या खुर्च्या. दहशत किती सामान्य खोलीतून चालते, हे पुस्तकापेक्षा ती खोली अधिक स्पष्ट सांगते.

१४/ म्हणजे जतन हा वास्तूचा गौरव असतोच असे नाही. बऱ्याचदा ती साक्षीदाराची राखण असते. १९५० मध्ये उल्ब्रिख्ट यांनी एक थर पुसला, २००६ मध्ये लोकशाहीने दुसरा. पद्धतीतला फरक मोठा आहे: एकीकडे फर्मान, दुसरीकडे जाहीर चर्चा आणि मतदान. पण बहुमताने घेतलेला निर्णयही पडलेली भिंत परत आणत नाही.

१५/ २०२४ मध्ये हुम्बोल्ट फोरमनेच आपल्या दालनांत 'प्रजासत्ताक प्रासादा'वर मोठे प्रदर्शन भरवले. ज्याला हटवून ही वास्तू उभी राहिली, त्याचीच आठवण तिला मांडावी लागली. इमारत पाडता येते. तिच्यात घालवलेल्या संध्याकाळी पाडता येत नाहीत.