मातीची गाडी, सोन्याची गाडी

दिवाळीची सुटी जवळ आली की घरोघरी एक प्रश्न निघतो. लहान मुलांसाठी काय घ्यायचे? कपडे आणि फटाके तर असतातच, पण त्याशिवाय काही 'डोक्याला उपयोगी' असे हवे, असे हल्लीच्या आईबापांना वाटते. मी बाई म्हणून जन्मभर शिकवले, त्यामुळे माझ्याकडे हा प्रश्न जरा जास्तच येतो. उत्तर देण्याआधी मला नेहमी इतिहासात डोकवावेसे वाटते, कारण हा प्रश्न आपल्या पिढीचा नाही, फार जुना आहे.

शूद्रकाचे 'मृच्छकटिक' आठवा. देवलांच्या 'संगीत मृच्छकटिका'मुळे ही कथा मराठी घरांत पोचली. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळलेला असतो. ती परत गेल्यावर दासी त्याला मातीची गाडी करून देते, पण त्याला ती नको असते. तो रडतो. वसंतसेनेला दया येते आणि ती अंगावरचे दागिने उतरवून मातीच्या गाडीत घालते. जा, सोन्याची गाडी करून घे, म्हणते. पुढे हेच दागिने भर न्यायसभेत मैत्रेयाच्या काखेतून खाली पडतात आणि चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. तो सुळावर जाता जाता वाचतो. प्रेमाने दिलेली, पण घराच्या ऐपतीशी न जुळणारी भेट घरावर कशी उलटते, हे नाटककाराने त्या काळी ओळखले होते. आज कर्ज काढून मुलाला महागडा मोबाईल घेऊन देणाऱ्या बापांना ही गोष्ट सांगावीशी वाटते.

मातीची गाडी मात्र त्या नाटकाहूनही जुनी. हडप्पा संस्कृतीच्या उत्खननांत भाजलेल्या मातीच्या बैलगाड्या आणि पाखराच्या आकाराच्या शिट्ट्या सापडल्या आहेत. आपल्याकडे पोळ्याला मातीचे बैल करतात, ती बोटांची आवड चार हजार वर्षे टिकली म्हणायची.

आता 'विकासाला उपयोगी' खेळणे ही कल्पना कुठून आली ते पाहू. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२-१८५२) नावाचा शिक्षक होता. १८३७ साली त्याने ब्लँकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग हे नाव दिले. त्याने मुलांसाठी जी साधने केली त्यांना तो 'भेटी' असेच म्हणे. पहिली भेट म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरी म्हणजे लाकडी गोल, घन आणि नळकांडे. तिसरी म्हणजे आठ छोट्या घनांचा मिळून झालेला एक मोठा घन. मुलाने तो मोडायचा, त्यातून खुर्ची, पूल, घर काहीही करायचे आणि शेवटी पुन्हा घन जुळवून ठेवायचा. बस्स, एवढेच. त्यात चावी नाही, आवाज नाही. जे काही करायचे ते मुलाने. प्रशियाच्या सरकारला मात्र यातही धोका दिसला आणि १८५१ साली तिथे किंडरगार्टनवर बंदी आली! पुढे १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात एका आईने हे ठोकळे पाहिले आणि आपल्या मुलाला आणून दिले. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट. ते ठोकळे आपल्या बोटांत कायम राहिले, असे त्याने म्हातारपणीही सांगितले.

फ्रोबेलनंतर मारिया माँटेसरी. १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. त्यांची पद्धत आपल्याकडे रुजवली ती गिजुभाई बधेकांनी, भावनगरला १९२० साली बालमंदिर काढून. त्यांच्याबरोबर काम केले ताराबाई मोडकांनी. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण माँटेसरीची लाकडी साधने महाग होती, शहरातल्या बऱ्या घरच्या मुलांनाच परवडणारी. खेड्यातल्या मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

मला वाटते, मराठी मुलुखाने जगाच्या बालशिक्षणात मोठी भर घातली असेल तर ती इथे. या दोघींनी साधने विकत घेतली नाहीत, वेचली. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला पाने आणि फुले. वारली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आज देशभर गावोगावी असलेल्या 'अंगणवाडी'च्या मागे त्या अंगणाची पुण्याई आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा शब्द सगळीकडे गेला. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री.

आपल्या खानदेशातही एक मोठे भेट देणारे होऊन गेले. नंदुरबारहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की अमळनेर लागते. तिथल्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून रोज एक दैनिक काढत. पुढे पुतणी सुधाला त्यांनी लिहिलेली पत्रे 'सुंदर पत्रे' म्हणून प्रसिद्ध आहेत. कागद आणि शाई, याहून जास्त खर्च नाही. पण ज्या मुलासाठी कोणी मोठे माणूस बसून लिहिते, त्या मुलाला आपण कोणीतरी आहोत हे कळते.

हे सगळे आमच्या जिल्ह्यात नुसते वाचून सोडण्यासारखे नाही. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा बहुसंख्य आदिवासी आहे. दिवाळीनंतर इथली पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. सुटी संपून शाळा उघडते तेव्हा वर्गातली जागा रिकामी दिसते. मूल आईबापांबरोबर फडावर गेलेले असते, होळीच्या सुमारास परत येते. अशा मुलाला सुटीआधी काय द्यावे? जे गाठोड्यात मावेल, भिजले-मळले तरी चालेल आणि ज्याला वीज लागणार नाही असे.

आम्ही काही शिक्षक सुटीआधी जुने 'किशोर'चे अंक आणि नॅशनल बुक ट्रस्टची पातळ पुस्तके वाटत असू. 'किशोर' १९७१ पासून बालभारती काढते, तेव्हा किंमत परवडण्यासारखी. एका वर्षी चौथीतली एक मुलगी होळीला परतली तेव्हा पुस्तकाचे कव्हर गेलेले, पानांना तेलाचे डाग. मी म्हटले, "वाचलेस का ग?" ती म्हणाली, "बाई, मी भावाला रोज सांगितले." पुस्तक मराठी, आणि भावाला मराठी येत नव्हते. म्हणजे ही नऊ-दहा वर्षांची पोर उसाच्या फडावर बसून रोज मराठीतून पावरीत भाषांतर करत होती! त्या वर्षी तिची शाळा सुटली नाही. माझ्या मते त्यात त्या फाटक्या पुस्तकाचा वाटा मोठा होता.

आता विचारणाऱ्यांना माझे उत्तर. अगदी लहानग्याला कापडी चेंडू द्या. तीन-चार वर्षांच्याला सुताराकडचे गुळगुळीत घासलेले लाकडाचे तुकडे द्या. सात-आठच्याला गोष्टीचे पुस्तक, आणि त्याला आपली बोलीभाषा असेल तर त्या भाषेत सांगायला लावा. दहाच्या पुढे भिंग, मोजपट्टी, किंवा काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी. त्यातून घर, पूल, पिरॅमिड होतात. हे अरविंद गुप्तांनी शिकवले. २०१८ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली, टाकाऊतून खेळणी केल्याबद्दल!

दुकानात वस्तू हातात घेतली की एकच प्रश्न स्वतःला विचारावा. यात काम कोण करणार, खेळणे की मूल? खेळणे करणार असेल तर मूल नुसते बघत बसेल. मूल करणार असेल तर मातीची गाडीसुद्धा पुरते. आणि जमले तर भेटीसोबत अर्धा तास आपलाही द्यावा. तो कुठल्याच बाजारात मिळत नाही.